टिमकी उंदरीचा उंबरा

एक होती उंदरी. नाव तिचं टिमकी. परसात आंब्याची जुनी लाकडी पेटी पडली होती. तेच टिमकीचं घर. घरात गवताची गादी. गादीवर पिल्लं. गुलाबी गुलाबी, डोळेसुद्धा न उघडलेली.

घराला एक उंबरा होता. टिमकीला त्याचं कोण कौतुक! रोज उठायची नि उंबरा धुवायची. खळखळ, खळखळ. मग त्याला हळद लावायची.

एके दिवशी बघते तर काय, अर्धा उंबरा गायब! नुसती माती नि भुसा. आतून आवाज, कुरुम कुरुम, कुरुम कुरुम. वाळवी लागली होती! आज उंबरा, उद्या भिंत, परवा पिल्लांची गादी. एवढ्याशा पिल्लांना घेऊन जायचं कुठे?

पिल्लांनी आधीच तिची झोप उडवली होती. पाय म्हणत होते, बस गं बाई. पण बसून कसं चालेल? निघाली बिचारी. तुरुतुरु, तुरुतुरु.

कोंबडी मातीत पसरली होती.

"कोंबडीकाकू, कोंबडीकाकू,
वाळवी उंबरा खाते.
वाळवी टिपता का?"

कोंबडी म्हणाली, "उंबरा धुतेस नि पुसत नाहीस. ओल्या लाकडाला वाळवी लागणारच!"

"चुकलंच माझं. पण टिपता का?"

"छे गं! मीच दमले. हे करडू माझ्या अंगावरून उड्या मारतं. डोळ्याला डोळा लागू देत नाही. करडू बसू दे, मग टिपते."

टिमकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"करडूदादा, करडूदादा,
वाळवी उंबरा खाते.
कोंबडी वाळवी टिपत नाही.
उड्या थांबवतोस का?"

"छे गं! मीच दमलो. पोटात भूक, मग पायात उड्या. आई दूध देऊ दे, मग बसतो."

टिमकी निघाली. तुरु... तुरु... तुरु...

"शेळीमावशी, शेळीमावशी,
वाळवी उंबरा खाते.
कोंबडी वाळवी टिपत नाही.
करडू उड्या थांबवत नाही.
दूध देतेस का?"

"छे गं! मीच दमले. सकाळपासून वाळक्या काड्या चघळतेय. दूध येणार कुठून? वहिनी पाला टाकू दे, मग देते."

टिमकी निघाली. तुरु... हुश्श. तुरु... हुश्श.

घरात सगुणावहिनी फेऱ्या घालत होती. कडेवर बाळ. बाळाचं आपलं एकच, ट्यँऽऽ! ट्यँऽऽ!

"वहिनी, वहिनी,
वाळवी उंबरा खाते.
कोंबडी वाळवी टिपत नाही.
करडू उड्या थांबवत नाही.
शेळी दूध देत नाही.
पाला टाकता का?"

"छे गं! मीच दमले. हात नुसते भरून आलेत. बाळ निजू दे, मग टाकते." तिने बाळाला झोळीत ठेवलं नि स्वतः भिंतीला टेकली.

टिमकी झोळीवर चढली. एक पाय... हुश्श. दुसरा पाय... हुश्श.

"बाळोबा, बाळोबा, निजता का?"

"ट्यँऽऽऽ!"

आता कुणाकडे जायचं? पुढे कुणी नव्हतंच. टिमकी झोळीच्या काठावर मटकन बसली. तिला रडूच आलं. बारीक आवाजात, हळूहळू, ती आपलं आपल्याशीच म्हणू लागली,

"वाळवी उंबरा खाते.
कोंबडी वाळवी टिपत नाही.
करडू उड्या थांबवत नाही.
शेळी दूध देत नाही.
वहिनी पाला टाकत नाही.
बाळ काही निजत नाही..."

ट्यँऽ थांबलं! बाळ टकामका बघू लागलं. टिमकी गप्प झाली. लगेच बाळाने ओठ काढले. ट्यँऽ!

"अगं बाई, थांब, म्हणते. म्हणते हं."

"वाळवी उंबरा खाते...
कोंबडी वाळवी टिपत नाही...
करडू उड्या थांबवत नाही...
शेळी दूध देत नाही...
वहिनी पाला टाकत नाही...
बाळ काही निजत नाही..."

अंगठा तोंडात गेला. डोळे मिटले. बाळ गाढ झोपलं.

बाळ निजलं, वहिनी उठली. कडुलिंबाची फांदी तोडून शेळीपुढे टाकली. शेळीने पाला खाल्ला, कचर कचर. करडाला दूध दिलं, चुटुक चुटुक. करडाचं पोट टम्म. ते खाली बसलं. कोंबडीने डुलकी काढली. छोटीशीच हं! मग उठली, पेटीपाशी आली. टिप टिप, टिप टिप. वाळवी फस्त!

शेळीपुढे फांदीची उघडी काडी उरली होती. शेळी म्हणाली, "कडू आहे. हिला वाळवी तोंड लावणार नाही." कोंबडीने ती चोचीत धरून आणली नि दारात आडवी ठेवली. अगदी मापात! टिमकीला नवा उंबरा मिळाला.

टिमकी आत गेली. पिल्लांनी लगेच सूर धरला, चीं चीं चीं! टिमकीला तर उभंही राहवेना.

कोंबडी दारात पंख पसरून बसली. "नीज गं टिमके," ती म्हणाली. "पिल्लांकडे मी बघते."

टिमकी 'बरं' म्हणणार होती. पण त्याआधीच तिला झोप लागली.

टिमकी निजली, गोष्ट निजली. आता आपणही निजू या.