हत्तीच्या गुडघ्याला पाणी

ही गोष्ट फार फार जुनी आहे बरं का. तेव्हा नदीवर पूल नव्हता. पलीकडच्या गावाला जायचं तर काठावर उभं राहून नावाड्याला हाक मारावी लागे. अशा एका नदीकाठी धाकू नावाडी राहायचा. बायको गोजरा, एकुलती एक लेक सगुणा आणि एक सागाची नाव, एवढाच त्याचा संसार.

सगुणाचं लग्न ठरलं, तेही समोरच्याच गावात. मुलगा गुणी होता. घरी त्याची एक म्हातारी आजी, तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. सुपारी फुटली, गूळ वाटून झाला. आता फक्त दिवस धरायचा होता, आणि तिथेच घोडं अडलं.

त्या भागातली लग्नं वैशाखात व्हायची. नदी आटलेली असे, वऱ्हाडं वाजतगाजत वाळूतून चालत जात. धाकूला मात्र ते पटेना. "जन्मभर मी लोकांना पलीकडे नेलं, आणि माझी लेक पायी सासरी जाणार? छे! मी तिला नावेतून नेणार, माझ्या हाताने वल्हं मारून."

पात्राच्या मधोमध एक खडक होता, थेट उभ्या हत्तीसारखा. लोक त्याला हत्तीच म्हणत. हत्तीच्या पोटाला पाणी लागलं की पूर, आणि पाण्याने त्याचे पाय सोडले की नाव वाळूत रुतायची. गुडघ्याला पाणी असलं की नाव कशी लोण्यासारखी चालायची! तुळशीचं लग्न होऊन गेलं की पाणी बरोबर गुडघ्यावर येई. "तोच माझ्या सगुणाच्या लग्नाचा ऋतू," धाकूने सांगून टाकलं.

पहिल्या वर्षी पाणी गुडघ्याला आलं. पलीकडून आजीचा निरोपही आला, "समईची एक ज्योत मला दोन दिसायला लागल्यात. नातसुनेचं तोंड डोळे भरून बघायचंय. लवकर करा."

धाकू म्हणाला, "सकाळी धुकं फार पडतंय. वऱ्हाड काठ चुकायचं. पुढच्या वर्षी बघू."

दुसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला, आणि दिवाळीतच हत्तीचे पाय उघडे पडले. आजीने कळवलं, "ज्योत आता धुरकट दिसते रे बाबा." धाकूने मान हलवली. "नदीपुढे माझं काय चालणार?"

तिसऱ्या वर्षी मात्र सगळं जुळून आलं. पाणी गुडघ्याला, धुक्याचा पत्ता नाही. गोजराने आनंदाने हळद दळायला काढली. तर हा पठ्ठ्या नाव उलटी घालून बसलेला! "फळ्यांच्या फटी उघडल्यात गं. राळ भरायला हवी. महिना तरी जाईल, तोवर पाणी उतरायचं."

गोजराने कमरेवर हात ठेवले. "अहो, फटी नावेला पडल्यात की तुमच्या काळजाला? लेक जाईल म्हणून जीव तुटतोय, ते सांगा ना सरळ! उगाच बिचाऱ्या हत्तीला कशाला मध्ये घेता?"

तिचं खरंच होतं. सगुणा बापाशेजारी येऊन बसली. "बाबा, सासर समोर तर आहे. हाक मारलीत तर ऐकू येईल मला." धाकूने डोळे पुसले, आणि पुन्हा राळ भरू लागला. त्या वर्षी पलीकडून निरोप आलाच नाही. धाकूला वाटलं, चला, त्यांनाही घाई दिसत नाही.

वैशाख आला. नदी कोरडी पडली. एका सकाळी धाकू वाळूतल्या नावेच्या सावलीत बसला होता. समोरून दोन माणसं येताना दिसली. होणारा जावई आजीचा हात धरून तिला हळूहळू चालवत आणत होता.

जवळ आल्यावर नातू हात सोडून धाकूच्या पाया पडायला वाकला, तोच आजी नावेला धडकली. मग तिने नाव हाताने चाचपली. "हीच का रे ती नाव? केवढी मोठी आहे!"

धाकू ताडकन उभा राहिला. हातभर अंतरावरची नाव म्हातारीला दिसली नव्हती.

धाकूची हाक ऐकून सगुणा धावत आली, आजीच्या पाया पडली. आजीने तिला समोर बसवलं. तिच्या कपाळावरून, गालांवरून, हनुवटीवरून सुरकुतलेली बोटं फिरवली. "गोड आहे हो पोर. हसली की गालाला खळी पडते, नाही का?" मग ती हळूच म्हणाली, "थोडी आधी आली असतीस, तर बघितली असती गं."

आजीने धाकूला एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर बरं, असं त्याला वाटलं. तो तिच्या पायांशी बसला आणि हुंदके देत म्हणाला, "आजी, चुकलो मी. लेक जवळ राहावी म्हणून पाणी मोजत बसलो. आता एक दिवसही थांबायचं नाही."

चौथ्या दिवशी लग्न लागलं. आणि नाव? ती निघाली की! गावकऱ्यांनी वाळूत ओंडके टाकले, नावेला दोर बांधले. नावेत सगुणा आणि तिचा हात धरून आजी. सगळ्यात पुढचा दोर धाकूच्या खांद्यावर. वाजंत्री वाजत होती, पोरं ओरडत होती, आणि भर वैशाखात नाव वाळूतून चालली होती. असं वऱ्हाड कुणी पाहिलं नव्हतं!

"हत्ती आला का गं?" आजीने विचारलं.

"आला, आजी."

"पाणी कुठवर आहे?"

सगुणाने बापाकडे पाहिलं. धाकू घामाने आणि आसवांनी भिजला होता. "पाणी नाही, आजी," तो म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी असंच यायला हवं होतं मी."

आजी हसली आणि तिने सगुणाचा हात आणखी घट्ट धरला.

पुढे लग्नाला कोणता ऋतू चांगला, असं कुणी धाकूला विचारलं, की तो हत्तीकडे बघतही नसे. आधी विचारी, "घरात म्हातारं माणूस कोण आहे?"

तात्पर्य: शुभकार्याचा ऋतू नदीत शोधू नये, ते बघायला आसुसलेले डोळे जेव्हा बघू शकतात, तोच खरा ऋतू.