राखेचा खड्डा

माणसाने विस्तव पाहिलाही नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका रानातल्या गुहेत कधीच न विझणारा निखारा होता. तो सांभाळायचं काम भागी नावाच्या खवल्या मांजराकडे होतं. निखारा भला होता, पण त्याची राख सात पिढ्या धगधगत राही.

एकदा कोल्हा प्रधान सिंहमहाराजांचा हुकूम घेऊन आला. आधी शेजारच्या रानाला धडकी भरेल असा जाळ, मग दरबारात उजेड, मग आजाऱ्यांना शेक आणि सर्वांत शेवटी, सवड मिळालीच तर, राखेसाठी खड्डा.

भागीने आपल्या भाजलेल्या पंजाकडे पाहिलं. गेल्या खेपेची राख ओढ्यात गेली होती आणि तेव्हापासून तिथे एकही बेडूक ओरडला नव्हता. तिने हुकूम गुहेच्या तोंडाशी नीट टांगला, नखं रोवली आणि खणायला लागली.

आठ दिवसांनी महाराज गुरगुरत आले. "जाळ कुठाय? माझा हुकूम धाब्यावर बसवलास?"

भागीने खणणं थांबवलं नाही. खड्ड्यातूनच म्हणाली, "छे महाराज! शब्दन् शब्द पाळतेय. फक्त खालून वाचायला घेतलाय."