मेघिका खरे बोलली तो दिवस

फार पूर्वी मणिपथ नगरात जयंतक नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने एका चंदनाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याचे नाव नंदिसेन. वडिलांच्या मागे हाती आलेली संपत्ती लोकांच्या कामी लावावी असे त्याच्या मनाने घेतले आणि त्याने नगराच्या वेशीजवळ दानशाळा बांधली. जी माणसे दुसऱ्यांचे दुःख निवारतात, त्यांना बळ द्यावे असा त्याचा विचार होता.

अशा माणसांत मेघिका नावाची एक बाई होती. नगरापासून तीन दिवसांच्या वाटेवर, नदीकाठच्या भातखाचरांत, साप चावलेल्या माणसांचे विष ती उतरवी. नंदिसेन तिला थोडे धान्य देई आणि पुष्कळ घोंगड्या देई. घोंगड्या अशासाठी, की त्याची आई थंडीने काकडून वारली होती. दर पौर्णिमेला मेघिकेने दानशाळेत यावे, महिनाभराचे काम सभेपुढे सांगावे आणि दान घेऊन जावे, असा नियम होता.

ती येई. "सगळं बरं चाललंय ना, बाई?" नंदिसेन विचारी.

"तुमच्या कृपेनं सगळं बरं आहे, श्रेष्ठी," ती म्हणे. ते ऐकून त्याचा दिवस आनंदात जाई.

एका वर्षी कार्तिकी पौर्णिमेला मेघिका आली नाही. दानशाळेचा कारभारी पिंगल म्हणाला, "स्वामी, तिनं नियम मोडला. तिचं दान बंद करू. घेणारे काय कमी आहेत?"

"बंद करायचं तर करू," नंदिसेन म्हणाला, "पण का आली नाही, ते आधी पाहून येऊ."

दोघे निघाले. दुसऱ्या दिवशी चिखलात रथाची चाके रुतली, तेव्हा ते पायी चालू लागले. तिसऱ्या दिवशी नंदिसेनाच्या तळव्यांना फोड आले. ही वाट ती बाई दर महिन्याला तुडवते, जाताना आणि येताना, हा विचार त्याच्या मनात प्रथमच आला. त्याची त्याला लाज वाटली.

ते पोहोचले तेव्हा कापणी जोरात चालू होती. मेघिका झोपडीपुढे एका म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधीत होती. श्रेष्ठीला पाहून ती गडबडून उठली. "चुकलं माझं, श्रेष्ठी. पुढच्या पौर्णिमेला नक्की येईन."

झोपडीत घोंगड्यांची थप्पी आढ्याला टेकली होती. दमट हवेने त्यांना बुरशी आली होती.

"घोंगड्या उपयोगी पडतात ना?"

"फार उपयोगी पडतात," मेघिका खाली पाहत म्हणाली.

अंगणात कुंडक नावाचा कुंभार उभा होता. तो पुढे झाला. "बाई खोटं बोलतेय, श्रेष्ठी. आश्विनातल्या पौर्णिमेला माझी बायको कापणीला गेली अन् तिला नाग डसला. मी तिला खांद्यावर टाकून इथं आणलं. दाराला कडी होती; याच अंगणात तिचा जीव गेला. बाई तुमच्या सभेत उभी होती, सगळं बरं आहे म्हणून सांगत."

"गप्प बस, कुंडक!" मेघिका घाबरून ओरडली. "धान्य बंद होईल, मग मी काय करू?"

पिंगल संतापून बोलू लागला, पण नंदिसेनाने त्याला हाताने थांबवले. दान आपल्या मुठीत आहे तोवर ही बाई आपल्याशी खरे बोलू शकणार नाही, हे त्याला उमगले. तो सर्वांसमोर म्हणाला, "आजपासून सात वर्षं या घरी धान्य येईल. बाई मला चांगलं म्हणो, वाईट म्हणो, धान्य येईल. सभेला यायचं नाही. हा माझा शब्द आहे." मग तो जमिनीवर बसला. "आता सांग, बाई."

मेघिकेने म्हाताऱ्याच्या पट्टीची गाठ घट्ट केली. मग तिला राहवेना.

"या घोंगड्यांचं मी काय करू? इथं माणसं थंडीनं नाही, विषानं मरतात. पहिल्याच वर्षी मी तुमच्या माणसाला म्हटलं, दोन पोरींना हे काम शिकवायचंय, त्यांच्या घरापुरतं धान्य द्या, म्हणजे त्यांना कापणीला जावं लागणार नाही. तो म्हणाला, श्रेष्ठी दुखणाईतांसाठी देतात, शिकवण्यासाठी नाही. त्या पोरी इथं असत्या, तर त्या दिवशी दाराला कडी नसती. म्हणूनच या खेपेला मी घर सोडून आले नाही. तुमच्या सभेत मी हसून उभी राहायचे, अन् इकडं कुणी मरू नये म्हणून मनात धावा करायचे. तुम्ही विचारायचात खरं, पण उत्तर तुम्हीच ठरवलेलं असायचं."

नंदिसेनाचे कान तापले. माझ्या मनात वाईट नव्हते, असे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले. ते त्याने गिळले आणि तिला शेवटपर्यंत बोलू दिले. नंतर तो कुंडकाजवळ गेला. "क्षमा मागायला मला तोंड नाही," तो म्हणाला. कुंडक पाठ फिरवून निघून गेला.

परतीच्या वाटेवर पिंगलाने विचारले, "बाई सभेला येणार नाही, मग तिचं काम चाललंय की नाही, हे आपल्याला कळणार कसं?"

"वर्षातून एकदा, कापणी उरकली की, आपण जाऊ," नंदिसेन म्हणाला. "चालायची पाळी आता आपली."

पुढे दोन मुली मेघिकेपाशी राहून शिकल्या. त्यांतली एक कुंडकाचीच होती. त्यांनी शेजारच्या गावांतही झोपड्या घातल्या आणि पुष्कळ माणसे वाचली. नंदिसेन आपल्या इतर दानग्राहींकडेही गेला आणि आधी शब्द देऊन मग विचारू लागला. काहींनी त्याला खडसावले. दोघांनी तर, इतके नको, थोडे कमीच द्या, असे सांगितले. तिसऱ्या वर्षी तो नदीकाठी आला, तेव्हा कुंडकाने न बोलता त्याच्यापुढे पाय धुवायला पाणी ठेवले.

ही कथा सांगून शास्ता बुद्ध भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा पिंगल म्हणजे आजारी भिक्षूला ‘अंगावर घ्यायला चीवर हवे तर स्वतः येऊन ने’ असे सांगणारा आपल्या विहाराचा भांडारी. कुंडक म्हणजे तो आजारी भिक्षू. मेघिका म्हणजे त्याची शुश्रूषा करणारी उपासिका. आणि नंदिसेन मीच होतो. भिक्षूंनो, दान तर नंदिसेन आधीपासून करीतच होता. त्या अंगणात बसून आपल्याच दानाची निंदा त्याने मुकाट्याने ऐकली, ती क्षांती, म्हणजे सहनशीलता. ती नव्हती, तोवर त्याचे दान अपुरे होते."