डोळेवाल्याच्या घरचा विस्तव

एका आडगावात एकदा एक ज्ञानी म्हातारा राहत होता. आपल्याइतका शहाणा पंचक्रोशीत दुसरा नाही, असं तो स्वतःच सांगे, आणि लगेच म्हणे, "खरे शहाणे होते ते गाव सोडून गेले!" तुळाजी नावाचा त्याचा एक शिष्य होता. ज्ञान घ्यायला आला, आणि रांधायला लागला.

त्या गावात दूरदेशीचा एक कारागीर बिऱ्हाड करून राहिला. ज्यांचा डोळा गेला अशांसाठी तो काचेचे डोळे घडवी. रंगवलेले डोळे खिडकीत सुपात वाळत पडत. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटे, सूप आपल्याकडेच बघतंय. झालं! कोणाची गाय आटली, दोष डोळेवाल्याचा. कोणाच्या पोराचा ताप उतरेना, तोही त्याचाच. लोक त्याच्या दारावरचा रस्ता टाकून बांधावरून जात. सांजवेळी तो एकटाच उंबऱ्यावर बसे आणि समोरच्या घरातलं नवराबायकोचं भांडण कान देऊन ऐके. तेवढीच माणसांची सोबत.

अखेर चावडीवर ठरलं, सकाळी त्याचं चंबूगबाळं गाडीत घालून त्याला शिवेबाहेर सोडायचं.

त्याच संध्याकाळी, भात रटरटत असताना, म्हाताऱ्याने चुलीत तांब्याभर पाणी ओतलं.

"बाबा, भात कच्चा आहे अजून!" तुळाजी ओरडला.

"तुझा रोजच असतो. खापर घे, विस्तव मागून आणू."

"कोनाड्यात काडेपेटी आहे की!"

"असू दे."

पारावरच्या एकेकाला रामराम घालत, मुद्दाम खाकरत म्हातारा डोळेवाल्याच्या दारी गेला. डोळेवाल्याने निखारे खापरात घातले. पारावरच्यांनी कपाळाला हात लावला. कारण गावची रीतच होती: ज्याच्या घरचा विस्तव गावातल्या चुलीत गेला, त्याला शिवेबाहेर काढायचं नाही.

"पण चावडीवर चार शब्द बोलला असतात, तर भात तरी वाचला असता," तुळाजी पुटपुटला.

म्हातारा तिथेच, उंबऱ्याशी उभा राहून म्हणाला, "चावडीवर मी याच्यासाठी दया मागितली असती, आणि गावाने ती दिलीही असती. परंतु वत्सा, ज्याला गाव नुसतं देतं, तो भिकारी ठरतो. ज्याच्यापुढे आपण हात पसरतो, तो शेजारी. याच्या दारी आजवर कोणी गरज घेऊन आलं नाही, म्हणून हा परका राहिला."

तुळाजीने मान डोलावली. म्हातारा स्वतःवरच खूश होऊन निघाला.

"बाबा," मागून डोळेवाला म्हणाला, "विस्तव नेलात, शेजारी म्हणालात. माझं नाव मात्र विचारलं नाहीत."