साळुंकीचे कालचे उत्तर

मुलांनो, उंच कड्याखालच्या एका जंगलात एक साळुंकी राहत असे. कड्याच्या टोकावर एक म्हातारी घार बसे. तिला तिथून सारे जंगल दिसे, म्हणून ज्याला काही विचारायचे असेल तो धापा टाकत वर चढे. साळुंकीचे घरटे चढाच्या मध्यावर, उंबराच्या झाडावर होते. खाली उतरणाऱ्यांच्या तोंडून घारीची उत्तरे ऐकून ऐकून तिला पाठ झाली. मोहाची फुले कधी गळतात, पोटदुखीवर कोणता पाला खावा, हे ती उंबरावरूनच सांगू लागली. प्राण्यांचे पाय वाचले, घारीचा घसा वाचला. दमली ती एकटी साळुंकी. दिवसभर बोलून तिचा जीव मेटाकुटीला येई. पण आपल्या झाडाखालून कोणी उत्तराशिवाय जात नाही, याचा तिला भारी अभिमान होता.

एका रणरणत्या दुपारी तहानलेली हरिणी पाडसाला घेऊन आली. तिला पाणवठ्यावर जायचे होते आणि वाघ कुठे आहे, एवढेच विचारायचे होते. हाच प्रश्न आदल्या दिवशी सशाने विचारला होता, तेव्हा साळुंकी वर जाऊन उत्तर घेऊन आली होती. आता पुन्हा उडायचे तिच्या अगदी जिवावर आले. डोळे न उघडताच ती म्हणाली, "वाघ पलीकडच्या खोऱ्यात आहे. जा खुशाल."

वाघ तिथे काल होता. आज तो पाणवठ्याजवळच्या करवंदीच्या जाळीत दबा धरून बसला होता. संध्याकाळी हरिणी उंबराखाली परत आली, ती एकटीच. सांगायलाही वाईट वाटते, पण पाडस पुन्हा कुणालाच दिसले नाही. साळुंकी कशीबशी पुटपुटली, "मी खोटं नाही बोलले गं. घारीनंच सांगितलं होतं."

"कधी?" हरिणीने विचारले.



तेव्हापासून मोहाचे, पाल्याचे ती पूर्वीसारखेच सांगे. वाघाचे, पुराचे, वणव्याचे विचारले, किंवा कोणी स्वतःपुरती वेगळीच अडचण घेऊन आले, की म्हणे, "ते माझ्याकडे नाही. वर जा." प्राणी कुरकुरत चढ चढत. हरिणीही चढे, पण उंबराखाली ती पुन्हा कधी थांबली नाही.

तात्पर्य : जे बदलत नाही ते पाठ केलेले चालते, जे बदलते ते दर वेळी जाऊनच पाहावे लागते. तेवढे बळ नसेल, तर 'ठाऊक नाही' म्हणण्यात कमीपणा नाही.