रेडा आणि बारा गाड्या

तापीकाठी निंबसोंडे नावाचं गाव आहे. त्या गावी चिंचोबा महाराज पुष्कळ वर्षं राहिले. देवळात जागा होती, पण आपल्यामुळे पुजाऱ्याची अडचण होते असं म्हणून महाराज बाहेर चिंचेखालीच बसत. कुणी गाऱ्हाणं घेऊन आलं की ते आधी मूठभर भुईमुगाच्या शेंगा पुढे करत. निम्म्या लोकांचं दुःख शेंगा सोलता सोलताच विरून जाई. उरलेल्या निम्म्यांसाठी महाराज होते.

उखा त्या उरलेल्यांतला. गावच्या जिनिंगमध्ये तो अवजारांची गाडी ओढायचा. कापसातली सरकी काढणारी यंत्रं बिघडली की त्यांचे लोखंडी रूळ, साखळ्या, घण असं सगळं दुरुस्तीच्या शेडमधून चढणीने वर यंत्रघरात न्यायचं. गाडीला चार बुटकी चाकं, त्यातलं एक कायमचं रुसलेलं. कामगार तिला रेडा म्हणत. वेद म्हणणारे रेडे वेगळे; हा नुसता करकरायचा. उखा दोर खांद्यावर घेऊन पुढून ओढी. इतक्या वर्षांत रेडा होता तसाच राहिला, उखाची कंबर मात्र कामातून गेली. बायको एरंडाची पानं शेकून बांधी आणि सकाळी तो भिंतीला धरून उठे.

तिथला मुकादम हिलाल आप्पा हा गावचा भगत. चैत्रातल्या यात्रेत खंडेरायाच्या नावाने बारा बैलगाड्या एकामागे एक जोडत, त्यात माणसं भरत, आणि कमरेला दोर बांधून हिलाल आप्पा त्या ओढत असे. वर्षातून एक दिवस ओढायचा. उरलेले दिवस त्याबद्दल सांगायचा.

हंगाम ऐन भरात असताना मोठ्या यंत्राचा रूळ तुटला. नवा रूळ शेडमध्ये येऊन पडला तेव्हा हिलाल आप्पाने सगळ्यांसमोर उखाला गाठलं.

"मी बारा ओढतो, उखा. तुला एक ओढवत नाही? का महाराजांच्या पाया पडून पडून कंबर वाकली तुझी?"

माणसं हसली. मुकादम हसला की हसायचं, अशी जिनिंगमध्ये पद्धत होती. मग हिलाल आप्पाने बजावलं, की उद्या दुपारच्या आत रूळ वर आला नाही तर रेड्याला दुसरा माणूस बघतो. उखाला ना शेत ना दुसरा धंदा, आणि मोडक्या कमरेच्या माणसाला नवं काम कोण देणार?

संध्याकाळी तो चिंचेखाली गेला. महाराजांनी शेंगा पुढे केल्या. पण सोलायला बसावं लागतं, आणि उखाला बसता येईना. तो झाडाला टेकून उभ्यानेच म्हणाला, "महाराज, उद्याच्या दिवसापुरतं बळ द्या."

महाराजांनी शेंगा सोलून दाणे त्याच्या हातावर ठेवले. म्हणाले, "बळ पुष्कळ पडलंय रे गावात. उद्या येतो मी."

दुसऱ्या दिवशी उखाने रूळ, साखळ्या आणि घण लादून रेडा चढणीला लावला. अर्ध्यावर कमरेत अशी कळ आली, की पाय जागीच थिजले. गाडी मागे सरकू लागली. दोर खांद्यात अडकलेला, त्यामुळे उखाही फरफटत निघाला. बघणारे बाजूला पळाले. सर्वांत आधी हिलाल आप्पा, कारण अंगात ताकद होती. उखाने डोळे मिटले आणि महाराजांचं नाव घेतलं.

गाडी थांबली.

उखाने डोळे उघडले. खाली, गाडीच्या मागे, महाराज उभे होते. एक तळहात गाडीला टेकलेला, दुसऱ्या हातात शेंगा. चौघांनाही थोपवता आला नसता असा तो भार महाराजांच्या हाताला वासरासारखा रेलून उभा होता!

चाकांच्या मागे दगड लावून घेतल्यावर महाराज म्हणाले, "हिलाल, आता तू ओढ."

हिलाल आप्पाने मिशीवरून हात फिरवला आणि दोर घेतला. ओढलं. खंडेरायाचं नाव घेऊन पुन्हा ओढलं. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, पण रेडा हलला नाही.

"बारा गाड्या ओढायच्या आधी काय करतोस रे?" महाराजांनी अगदी मायेने विचारलं.

हिलाल आप्पा जमिनीकडे बघू लागला. जमलेली माणसंही, कारण गावाला माहीत होतं.

"आसांना वंगण घालतो," तो अखेर पुटपुटला. "वाटेतले खडे वेचून घेतो."

"आणि मागून?"

"मागून... पोरं ढकलतात."

"मग खंडेराय रागावतात?"

"नाही महाराज."

"देवाला जे घ्यायला कमीपणा वाटत नाही, ते उखाला द्यायला तुला का वाटावा?"

 एकजण वंगणाचा डबा घेऊन आला. दोघांनी चढणीवरचे खडे झाडले. साखळ्या आणि घण उतरवून दुसऱ्या खेपेला ठेवले. रुसलेलं चाक ठोकून सरळ केलं. महाराजांनी उखाच्या खांद्यावरचा दोर स्वतःच्या हातांनी काढला आणि म्हणाले, यापुढे ओढायचं नाही, मागून ढकलायचं, आणि एकट्याने मुळीच नाही.

पुढे काही चिकित्सक मंडळी म्हणू लागली, की हा सगळा वंगणाचा प्रताप. मग घसरती गाडी एका तळहातावर कुणी झेलली, असं विचारलं की त्यांना घरची कामं आठवत.

त्या दिवशी चढणीवर मात्र हिलाल आप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसाला आपण हसलो तो आज आपल्यादेखत चिरडला असता, हे त्याला तेव्हा उमगलं. त्याने आधी उखाचे हात धरले, मग महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. बराच वेळ तो उठेना.

महाराजांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाले, "वाकलाच आहेस, तर आता हात गाडीला लाव."

हिलाल आप्पाने लावला. गाडी बिनआवाज चढणीवर निघाली. तिच्यामागून उखा नुसता चालत गेला, आणि वर पोचल्यावर कितीतरी दिवसांनी त्याने पाठ सरळ करून पाहिली. ती झाली.