बाबालालभाईंचं वाचन

“बंद डोळ्यांनी कुपी ओळखतो मी, सर. मग ती ड्रायव्हरकडून मोठ्याने वाचून घ्यायची कशाला?”

खोब्रेकर सर रुग्णवाहिकेतला औषधांचा डबा लावत होते. बावीस वर्षं त्यांनी या घाटात माणसं जगवली होती. तन्मयचा हा तिसरा आठवडा. परीक्षेत तो पहिला आलेला.

“बाबालालभाईंना औषधातलं काय कळतं?”

“काहीच नाही.”

“मग?”

“म्हणून तर.”

पुढच्या सीटवर बाबालालभाई हसले. “सातवी नापास आहे, साहेब. एबीसीडी तेवढी येते.”

तेवढ्यात फोन खणखणला. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या सगुणाबाईंना गांधीलमाश्या चावल्या होत्या.

गाडी पोचली तेव्हा बाईंचं तोंड सुजून डोळे मिटले होते. घशातून शीळ वाजत होती.

“मांडीत अ‍ॅड्रेनॅलिन. अर्धा मिली,” ऑक्सिजन लावता लावता सर म्हणाले.

तन्मयने कुपी उचलली. मोडायच्या आधी, नियम म्हणून, बाबालालभाईंच्या नाकासमोर धरली.

“अ‍ॅड्रेनॅलिन. बोला पटकन!”

“ए... टी...”

“डी! ए, डी!”

“टी आहे, साहेब.”

“भाई, बाई मरेल इथे!”

“मरेल हो. पण टीच आहे.”

तन्मयने कुपी फिरवली...

अ‍ॅट्रोपीन. भलतंच औषध.

तशीच तपकिरी काच, तशीच मुंगीएवढी अक्षरं. असल्या जुळ्या कुप्या विकणाऱ्यांना आजवर कुणी जाब विचारलेला नाही.

सरांनी डब्यातल्या शेजारच्या खणावर नुसतं बोट ठेवलं.

“ए... डी... आर...” बाबालालभाईंनी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचलं. “आता द्या.”

काही मिनिटांनी शीळ थांबली. सगुणाबाईंनी कसाबसा एक डोळा उघडला.

“खिचडी करपली असंल...”

तन्मयला हसू आलं आणि रडूही.

बाईंना हॉस्पिटलात सोपवल्यावर तो सरांच्या पाया पडायला वाकला. सरांनी पाय मागे घेतले आणि हनुवटीने ड्रायव्हरच्या सीटकडे खूण केली.

तन्मय तिकडे गेला. दोन्ही हात जोडून उभा राहिला.

बाबालालभाई ओशाळले. “अहो, मी काय केलं? दिसलं ते बोललो.”

परतीच्या वाटेवर तन्मय म्हणाला, “सर, भाईंचे उपकार कसे फेडू? रोज तासभर बसून एकेक औषध शिकवतो त्यांना.”

“खबरदार.”

“का, सर?”

सरांनी डब्याची कडी लावली.

“त्याला औषधं कळायला लागली, तर वाचणार कोण?”